चारशे किलोमीटरवरून दोन मिलिमीटरचा थेंब: उपग्रहावरचं रडार नेमकं काय मोजतं?

प्रश्न थोडक्यात असा: पाऊस मोजणाऱ्या जीपीएम उपग्रहाच्या माहितीत पावसाच्या थेंबांचा आकार मिलिमीटरमध्ये दिलेला असतो. इतक्या उंचीवरून दोन मिलिमीटरचा थेंब दिसतो कसा? हे खरं मोजमाप आहे की गणिताने काढलेला अंदाज? आणि जमिनीवरच्या डिसड्रोमीटरशी, म्हणजे थेंब मोजणाऱ्या यंत्राशी, त्याची तुलना करायची तर कशी करावी?

मी बरीच वर्षं पावसाच्या रडारची माहिती हाताळतो आहे. हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे, त्यामुळे उत्तर लांबेल.

आधी एक गैरसमज दूर करू. उपग्रहाला एकही थेंब दिसत नाही. रडारचा किरण जमिनीपर्यंत पोचतो तेव्हा तो साधारण ५ किलोमीटर रुंद झालेला असतो आणि उंचीच्या दिशेने एका वेळी २५० मीटरचा थर वेगळा ओळखता येतो. म्हणजे रडारचा एक ठोकळा जवळपास ५ अब्ज घनमीटर हवेचा झाला. पावसात एका घनमीटरमध्ये हजारभर थेंब धरले तरी त्या ठोकळ्यात ५ लाख कोटी थेंब भरतात. या सगळ्यांनी मिळून परत पाठवलेला एकच आकडा आपल्या हाती येतो. त्यातून थेंबाचा आकार काढायचा आहे. तो निघतो, पण एका आकड्यातून निघत नाही, दोन आकड्यांमधल्या फरकातून निघतो. या उत्तराचा गाभा तोच आहे.

आकाराची एवढी उठाठेव कशासाठी, हे एका हिशेबाने सांगतो. थेंब रडारच्या तरंगलांबीपेक्षा बराच लहान असेल, तर त्याचं परावर्तन व्यासाच्या सहाव्या घातावर अवलंबून असतं. व्यास दुप्पट झाला की पाणी आठपट होतं, परावर्तन मात्र चौसष्टपट. आता दोन पाऊस कल्पा. पहिल्यात दर घनमीटरला १ मिलिमीटर व्यासाचे ४०९६ थेंब आहेत. दुसऱ्यात दर घनमीटरला ४ मिलिमीटरचा एकच थेंब आहे. चाराचा सहावा घात ४०९६, म्हणून रडारला दोन्ही पाऊस तंतोतंत सारखे दिसतात, सुमारे ३६ डीबीझेड (परावर्तन मोजण्याचं डेसिबलमधलं एकक). प्रत्यक्षात १ मिलिमीटरचा थेंब सेकंदाला ४ मीटर वेगाने पडतो आणि ४ मिलिमीटरचा पावणेनऊ मीटरच्या आसपास. पडणारं पाणी मोजलं तर पहिला पाऊस तासाला सुमारे ३१ मिलिमीटरचा निघतो आणि दुसरा जेमतेम १ मिलिमीटरचा.

मार्शल आणि पामर यांनी १९४८ साली मांडलेल्या थेंबांच्या वाटणीशी जोडलेलं, परावर्तन बरोबर २०० गुणिले पावसाच्या दराचा १.६ वा घात हे प्रसिद्ध सूत्र दोन्हींना साडेसहा मिलिमीटर सांगेल. एकाला पाचपट कमी, दुसऱ्याला सहापट जास्त. उदाहरण मुद्दाम टोकाचं घेतलं आहे, खऱ्या पावसात सगळ्या आकारांचे थेंब मिसळलेले असतात. पण चूक कुठून शिरते ते यातून स्वच्छ दिसतं. सूत्र चुकीचं नाही. त्यात थेंबांच्या आकारांची एक ठरावीक वाटणी गृहीत धरलेली आहे, आणि आभाळाला ती वाटणी पाळण्याचं बंधन नाही.

नोव्हेंबर १९९७ मध्ये जपानच्या तानेगाशिमा बेटावरून ट्रम हा उपग्रह सोडला गेला. पाऊस मोजणारं अवकाशातलं पहिलं रडार त्याच्यावर होतं. त्याची वारंवारता एकच होती, १३.८ गीगाहर्ट्झ. त्याने उष्ण कटिबंधातल्या पावसाबद्दल अपार शिकवलं, पण थेंबांच्या आकाराबाबत त्याला बव्हंशी गृहीतकांवर विसंबावं लागलं. फेब्रुवारी २०१४ मध्ये त्याच बेटावरून नासा आणि जाक्सा (जपानची अवकाश संस्था) यांचा जीपीएमचा मुख्य उपग्रह गेला, आणि त्यावर एकाच जागी एकाच वेळी पाहणारी दोन रडारं बसवली होती: केयू पट्ट्यातलं १३.६ गीगाहर्ट्झचं आणि केए पट्ट्यातलं ३५.५ गीगाहर्ट्झचं. तरंगलांबीच्या भाषेत पहिलं २.२ सेंटिमीटरचं आणि दुसरं साडेआठ मिलिमीटरच्या जवळपास.

आता गंमत या दोन लांबींच्या फरकात आहे. वर सांगितलेला सहाव्या घाताचा नियम थेंब तरंगलांबीच्या मानाने चिमुकला असेपर्यंतच चालतो. २.२ सेंटिमीटरच्या लाटेला तीन मिलिमीटरचा थेंबही लहानच वाटतो. साडेआठ मिलिमीटरच्या लाटेला तो लहान वाटत नाही. थेंबाच्या पुढच्या भागातून आणि मागच्या भागातून परतणाऱ्या लाटा एकमेकींच्या पायात पाय घालू लागतात आणि परावर्तन नियमाने व्हायला हवं त्यापेक्षा कमी भरतं. थेंब मोठे होत जातात तसं केए रडार केयूच्या मागे पडत जातं. दोन्ही आकडे डेसिबलमध्ये घेऊन वजाबाकी केली की जो फरक उरतो, तो थेंबांच्या संख्येवर अवलंबून नसतो. थेंब दुप्पट झाले तर दोन्ही रडारांना दुप्पटच दिसतात, वजाबाकीत ती दुप्पट निघून जाते. उरतो तो आकार. मला आजही ही कल्पना फार सुंदर वाटते: प्रत्येक रडार एकेकटं आकाराबाबत आंधळं आहे, आणि दोघांच्या मतभेदात आकार लपलेला आहे.

इथे साहजिक शंका येते की जमिनीवरची रडारं आकार वेगळ्या पद्धतीने काढतात, तीच पद्धत वर का नेली नाही? पावसाचा थेंब चित्रातल्यासारखा टोकदार कधीच नसतो. लहान थेंब गोल असतो, मोठा थेंब हवेच्या दाबाने खालून चपटा होतो. जमिनीवरचं रडार त्याला बाजूने पाहतं, आडवी आणि उभी अशा दोन ध्रुवणांच्या लाटा पाठवतं, आणि चपटेपणावरून आकार ओळखतं. उपग्रह त्याच थेंबाला डोक्यावरून पाहतो. वरून चपटा थेंबही गोलच दिसतो. पडण्याच्या वेगावरून आकार काढण्याचा मार्गही सोपा नाही, कारण उपग्रह स्वतः सेकंदाला सात किलोमीटरहून अधिक वेगाने धावत असतो आणि त्या धावेने थेंबांच्या काही मीटरच्या वेगाची खूण पसरट होऊन जाते. मे २०२४ मध्ये गेलेल्या अर्थकेअर उपग्रहावरच्या ९४ गीगाहर्ट्झच्या रडारने अवकाशातून डॉप्लर वेग, म्हणजे परतणाऱ्या लाटेच्या वारंवारतेतल्या बदलावरून कळणारा वेग, मोजायला सुरुवात केली आहे, पण ते मुख्यतः ढगांसाठीचं यंत्र आहे. जोरदार पावसात ती लाट फार लवकर विझते.

विझण्याचं हे दुखणं आमच्या कामाचा अर्धा भाग व्यापतं. पाणी लाट नुसती परत पाठवत नाही, शोषूनही घेतं. केए लाटेचं क्षीणन, म्हणजे वाटेत विझत जाणं, केयूच्या साधारण पाच-सहापट असतं. तासाला १० मिलिमीटरचा पाऊस चार किलोमीटर जाडीच्या थरात पडत असेल, तर जाऊन येऊन केए लाटेची ताकद शंभराव्या हिश्शाजवळ येते. म्हणजे जमिनीजवळ केए कमी दिसतं ते थेंब मोठे आहेत म्हणून की वाटेत लाट खाल्ली गेली म्हणून, हे आधी सोडवावं लागतं. वरच्या थरापासून खाली येत हिशेब लावण्याची रीत हिट्शफेल्ड आणि बोर्डन यांनी १९५४ मध्येच दाखवली होती, आणि त्यातला धोकाही: वरची छोटी चूक खाली येईपर्यंत फुगत जाते. म्हणून खालून एक आधार लागतो.

तो आधार पृथ्वीचा पृष्ठभाग देतो. शेजारच्या कोरड्या भागात समुद्रावरून किती प्रतिध्वनी येतो ते ठाऊक असतं. पावसाखालच्या समुद्रावरून तो जितका कमी आला, तितकी लाट वाटेत गेली. समुद्रावर ही युक्ती छान चालते. जमिनीवर कमी, कारण जंगल, शेत, डोंगर, ओली माती यांचे प्रतिध्वनी पावलागणिक बदलतात. दोन वारंवारतांचा फायदा इथेही मिळतो: पृष्ठभाग बदलला की दोन्ही प्रतिध्वनी बरेचसे एकत्र वरखाली होतात, त्यामुळे त्यांचा फरक जास्त भरवशाचा ठरतो. शिवाय क्षीणन ही नुसती अडचण मानू नका. परावर्तन सहाव्या घाताने वाढतं, शोषण त्याहून बऱ्याच सौम्य घाताने. त्यामुळे परावर्तनाच्या मानाने किती लाट खाल्ली गेली, याच्यातही थेंबांच्या आकाराची खबर असते. जोरदार पावसात कित्येकदा हीच खबर कामी येते.

अंदाज की मोजमाप, या प्रश्नाचं उत्तर इथे येतं, आणि ते मी गुळमुळीत देणार नाही. जे मोजलं जातं ते दोन परावर्तनं आणि पृष्ठभागाचे प्रतिध्वनी. आकार हा त्यावरून काढलेला निष्कर्ष आहे, आणि तो काढताना गृहीतकं लागतात. थेंबांच्या आकारांची वाटणी गॅमा या गणिती आकृतीची असते असं धरलं जातं. त्या आकृतीला तीन आकडे लागतात, आपल्याकडे मोजमापं दोनच, म्हणून तिचा घाट ठरवणारा एक आकडा स्थिर ठेवतात. उरलेले दोन म्हणजे थेंबांचा वस्तुमानाच्या वजनाने काढलेला सरासरी व्यास आणि थेंबांची प्रमाणित संख्या. त्याशिवाय पावसाचा दर आणि हा व्यास यांच्यात एक ढोबळ नातं गृहीत धरून, प्रत्येक उभ्या स्तंभासाठी ते थोडं वरखाली सरकवण्याची मुभा गणिताला दिलेली असते. हे नातं पसरट पावसासाठी वेगळं आणि गडगडाटी ढगांच्या पावसासाठी वेगळं असतं.

आणखी एक पेच आहे. सरासरी व्यास १ मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याखाली गेला की दोन रडारांमधला फरक सरळ चालीचा राहत नाही. केए उलट किंचित पुढे जातं. मग एकाच फरकाला दोन व्यास बसतात, एक लहान आणि एक जरा मोठा. निवड गृहीत धरलेल्या नात्याच्या जोरावर करावी लागते. म्हणून रिमझिमीत, जिथे थेंब बारीक आहेत, तिथे मिलिमीटरच्या दुसऱ्या दशांश स्थळाला काही अर्थ नाही. मोहिमेने स्वतःपुढे ठेवलेलं उद्दिष्टसुद्धा सरासरी व्यास अर्ध्या मिलिमीटरच्या आत बरोबर सांगण्याचं होतं. बहुतेक पावसात हा व्यास १ ते ३ मिलिमीटरच्या दरम्यान असतो हे लक्षात घेतलं, तर हे उद्दिष्ट नम्र आहे आणि तरीही अवघड आहे.

माझा एक जुना अनुभव सांगतो, कारण तुम्ही जुनी माहिती वापरणार असाल तर तोच खड्डा तुमच्याही वाटेत आहे. समुद्रावरच्या एका मोठ्या पसरट पावसाचा नकाशा मी काढला होता. मधल्या पट्ट्यात थेंबांचे आकार एका तऱ्हेचे, दोन्ही बाजूंना दुसऱ्या तऱ्हेचे, आणि मधे स्वच्छ सीमारेषा. त्या रेषेचं स्पष्टीकरण मी ढगांच्या रचनेत शोधत बसलो, त्यात कित्येक आठवडे गेले. मग एका सहकाऱ्याने नुसतं विचारलं की ही रेषा उपग्रहाच्या वाटेला समांतर कशी? तेव्हा उलगडा झाला. केयू रडार २४५ किलोमीटरचा पट्टा पाहायचं, केए मात्र मे २०१८ पर्यंत मधला सुमारे १२० किलोमीटरचाच पाहायचं. मधे दोन रडारांचा निष्कर्ष, कडेला एकाचाच. कडेचे आकार बहुतांशी गृहीतकाने भरलेले होते. मे २०१८ मध्ये केए रडारची नजर फिरवण्याची पद्धत बदलली आणि आता दोन्ही पूर्ण पट्ट्यावर एकत्र पाहतात. माहितीच्या फाइलमध्ये कुठला निष्कर्ष किती वारंवारतांवर उभा आहे हे नोंदलेलं असतं. ते वाचल्याशिवाय व्यासाचा एकही आकडा वापरू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

रडारच्या ठोकळ्यात पाऊस सारखा पसरलेला नसतो, हीसुद्धा मोठी अडचण आहे. गडगडाटी ढगाचा मुसळधार गाभा दोन किलोमीटरचा आणि ठोकळा पाच किलोमीटरचा, म्हणजे अर्ध्याअधिक भागात जवळजवळ कोरडं. सरासरी दोन्ही वारंवारतांना वेगवेगळी फसवते आणि फरकात आकाराबरोबर हा विस्कळीतपणाही मिसळतो. गारांच्या वादळात केए लाट गारांमध्ये अनेकदा आपटून उशिरा परतते, तेव्हा तर जमिनीखालून प्रतिध्वनी आल्यासारखं दिसतं. अशा ठिकाणी मी व्यासाचा आकडा बाजूला ठेवतो.

मग भरवसा कुठे ठेवावा? मध्यम जोराच्या, पसरट, समुद्रावरच्या पावसात. तिथे ढगात एक ठळक थर दिसतो, जिथे बर्फाचे पुंजके वितळतात. पुंजक्यावर पाण्याचा पातळ थर चढतो, तो आकाराने मोठाच असतो पण पाण्यासारखा चमकतो, म्हणून रडारला तिथे लखलखीत पट्टा दिसतो. त्याच्या वर बर्फ, खाली थेंब, हे नक्की कळतं. खालच्या थेंबांचा आकार वरच्या पुंजक्यांच्या आकारातून आलेला असतो. अशा पावसात वरपासून खालपर्यंत आकार कसा बदलतो हे पाहणं हा माझ्यासाठी या कामातला सर्वात आनंदाचा भाग आहे. खाली येताना मोठे थेंब लहानांना गिळत वाढतात, फार मोठे झाले की फुटतात, आणि ढगाखालची हवा कोरडी असेल तर बारीक थेंब वाटेतच वाफ होऊन जातात. समुद्रावर असे उभे छेद रोज घेण्याचा दुसरा मार्गच नाही.

जीपीएमचा पट्टा अरुंद असल्यामुळे एकाच जागेवर तो पुन्हा यायला काही वेळा दोन-तीन दिवसही लागतात. तरी त्याची किंमत मोठी आहे, कारण इतर अनेक उपग्रहांवरच्या सूक्ष्मलहरी यंत्रांना पाऊस ओळखायला शिकवणारी तालीम याच माहितीतून मिळते, आणि त्यांच्या एकत्र नजरेतून दर अर्ध्या तासाचे जागतिक पावसाचे नकाशे बनतात. आकाराची चूक इथे झाली की ती सगळीकडे पसरते. एप्रिल २०२३ मध्ये चीनने सोडलेल्या फेंगयुन-३जी उपग्रहावरही केयू आणि केए अशी जोडी आहे, म्हणजे आता आकाशात अशा दोन जोड्या आहेत.

राहिला तुलनेचा प्रश्न. थेंब जमिनीवर मोजण्याची परंपरा जुनी आहे. हिमस्फटिकांच्या छायाचित्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या विल्सन बेंटली यांनी १९०४ मध्ये पिठाची पद्धत लिहून ठेवली: ताटात बारीक चाळलेलं पीठ पसरायचं, काही सेकंद पावसात धरायचं, वाळल्यावर चाळून गोळ्या मोजायच्या. ज्यांना थेंबांवर काम करायचं आहे त्यांनी हे एकदा हाताने करावंच. आजचं लेझरचं यंत्र प्रत्येक थेंबाची सावली मोजतं, पण त्याची खिडकी ५४ चौरस सेंटिमीटरची. उपग्रहाचा ठसा जवळपास २० चौरस किलोमीटरचा. क्षेत्रफळात अब्जावधी पटींचा फरक आहे, त्यामुळे आकडे जुळले नाहीत म्हणून लगेच कुणाला दोष देऊ नका.

तुलना करताना पहिली काळजी व्याख्येची. यंत्रातल्या सगळ्या थेंबांच्या व्यासांची साधी सरासरी काढली तर ती उपग्रहाच्या आकड्यापेक्षा लहान निघणारच, कारण बारीक थेंब संख्येने खूप असतात. व्यासाच्या चौथ्या घाताची बेरीज भागिले तिसऱ्या घाताची बेरीज, असा व्यास काढा. तोही पडण्याच्या वेगाने संख्या दुरुस्त करून, कारण खिडकीतून वेगवान थेंब जास्त जातात आणि उपग्रह मात्र हवेत तरंगणारं घनफळ पाहतो. हे न केल्यामुळे फसलेल्या तुलना मी खूप पाहिल्या आहेत.

दुसरी काळजी उंचीची. जमिनीच्या स्वतःच्या प्रतिध्वनीमुळे उपग्रहाला अगदी खालचं दिसत नाही. पट्ट्याच्या मध्यावर साधारण १ किलोमीटर आणि कडेला जवळपास २ किलोमीटर उंचीपर्यंतचंच नीट वाचता येतं; डोंगराळ भागात त्याहूनही वर थांबावं लागतं. १ मिलिमीटरच्या थेंबाला एक किलोमीटर उतरायला चार मिनिटं लागतात, आणि वारा सेकंदाला १० मीटर असेल तर तेवढ्यात तो अडीच किलोमीटर वाहून जातो. म्हणून उपग्रह गेला त्या मिनिटाचा आकडा घेऊ नका. आधी-नंतरची पाच-दहा मिनिटं एकत्र करा आणि शेजारचे ठोकळेही पाहा. बर्फ वितळण्याचा थर जमिनीपासून दोन-अडीच किलोमीटरच्या आत असेल तर ती फेरी सोडून द्या, कारण उपग्रह तिथे पाणी न पाहता वितळता बर्फ पाहत असेल.

आणि व्यासाला हात लावण्याआधी परावर्तन जुळवा. तुमच्या यंत्रातल्या थेंबांवरून १३.६ गीगाहर्ट्झचं परावर्तन किती यायला हवं ते काढा आणि उपग्रहाच्या क्षीणन-दुरुस्त आकड्यापुढे ठेवा. तेच चार-पाच डेसिबलनी हुकत असेल, तर दोघांनी वेगळाच पाऊस पाहिला आहे आणि व्यासाची तुलना त्या फेरीपुरती थांबवावी. ते जुळलं, तर मग ३५.५ गीगाहर्ट्झचं काढा. दोन्ही जुळूनही व्यास वेगळा आला, तर ती फेरी जपून ठेवा. गॅमा आकृतीचं गृहीतक तुमच्या पावसात मोडलं असण्याची शक्यता तिथेच सर्वात जास्त आहे.